कागलच्या पुढची भाषा

मूल आठवीला गेलं की कोल्हापुरातल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: संयुक्त (अर्धं हिंदी, अर्धं संस्कृत) घ्यायचं की शंभरचं संस्कृत? पूर्ण हिंदी ठेवणारेही असतात, पण त्यावर कुणी बोलत बसत नाही. जे चालू आहे ते चालू राहतं. बोलणं होतं ते संस्कृतवर, आणि तेही कालिदासासाठी नव्हे. दहावीला सहांपैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांचे गुण धरले जातात. संस्कृतात पंच्याण्णवच्या वर गेलं की गणितात किंवा इंग्रजीत पडलेला खड्डा टक्केवारीत बुजतो. क्लासवाले हे उघड सांगतात. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. अकरावीचा प्रवेश गुणांवर ठरत असेल तर माणूस गुणांचाच हिशेब करणार. तरीही भाषा निवडायची आणि ती कोण बोलतं, कुठे बोलतं, हे एकदाही विचारायचं नाही, हा प्रकार चमत्कारिक आहे.

२०२५ साली हाच प्रश्न साऱ्या राज्यानं अंगावर घेतला. १६ एप्रिलच्या शासन निर्णयानं मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. ओरड झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यात ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आलं. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागायला हवी, अशी अट होती. शाहूवाडी-भुदरगडच्या डोंगरातल्या ज्या शाळांत पहिलीचा पटच २० नाही, तिथल्या मुलांनी काय करायचं? २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ५ जुलैला वरळीत सक्तीविरोधकांचा विजयी मेळावाही झाला.

सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा घालायला माझाही विरोध होता आणि आहे. २००० सालापासून आपण पहिलीतच इंग्रजी आणली. त्यात मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ अजून बसायचे असताना त्याच देवनागरीत हिंदीची वेगळी वळणं गिरवायला लावणं म्हणजे दोन्हींची वाट लावणं. पण ती लढाई जिंकून आपण आलो कुठे? पाचवीपासून हिंदी होतीच, ती तशीच राहिली. हिंदी नको म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ‘मग कोणती?’ असं विचारलं. सक्ती गेली, आणि सवय आपल्या जागी बसून राहिली.

हिंदीशी कोल्हापूरचं वैर नाही, हे आधी सांगून टाकतो. १९२९ मध्ये याच गावात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९३२ मध्ये तिनं ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत, दोन्हींत काढला. तेव्हा कुठलंही सरकार कोल्हापूरकरांना हिंदी शिका म्हणत नव्हतं. आजही आमची हिंदी सिनेमा, क्रिकेट आणि मोबाइल शिकवतात. शाळा फक्त तिचं लिंग-वचन तपासते. जी भाषा शाळेवाचून कानावर पडतेच, तिच्यासाठी आठवड्याच्या एवढ्या तासिका का द्यायच्या?

आता जरा हमरस्त्यानं दक्षिणेला निघा. कागल ओलांडलं की कोगनोळीचा टोलनाका, आणि कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटरवर कर्नाटकातली निपाणी. तिथल्या घरांत मराठी आहे, पण एसटीऐवजी येणाऱ्या बसवरची कन्नड पाटी आपल्याला वाचता येत नाही. आमच्या तिखटातली ब्याडगी मिरची हावेरी जिल्ह्यातून येते. सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापुरातून बसगाड्या भरून जातात. चंदगडच्या माणसाला दवाखान्यासाठी कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. आणि पावसाळ्यात सगळ्या जिल्ह्याचे डोळे अलमट्टी धरणाकडे लागतात. २०१९ च्या महापुरानंतर धरणाच्या पाणीपातळीवर गल्लीबोळांत वाद झाले. पण पलीकडच्या कन्नड वर्तमानपत्रांत काय छापून येतं, हे थेट वाचून सांगणारा माणूस किती जणांच्या ओळखीत आहे? आपण त्यांच्याशी भांडतो, तेही अनुवादात.

कन्नड म्हटलं की इथे लगेच एक उत्तर येतं: बेळगाव. ते उत्तर पोकळ नाही. १९८६ च्या जूनमध्ये सीमाभागात कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन झालं, गोळीबारात माणसं मेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आजही दर १ जूनला लोक जमतात. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या सर्व शाळांत कन्नड टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली. ज्यांच्या भावांवर ती भाषा लादली गेली, त्यांनी ती हौसेनं शिकावी असं म्हणणं काहींना निर्लज्जपणाचं वाटेल. मला उलट वाटतं. भाषेत खोट नव्हती, सक्तीत होती; आणि २०२५ मध्ये हिंदीबद्दल आपण नेमकं हेच म्हणत होतो. तो युक्तिवाद खरा असेल तर तो कन्नडलाही लागू करायला हवा.

या गावाला हे पूर्वी कळत होतं. सदलग्याला कन्नड घरात जन्मलेले डॉ. आ. ने. उपाध्ये १९३० पासून राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवत होते, तीन दशकांहून अधिक काळ. शहर मराठी, घर कन्नड, विषय प्राकृत, आणि विद्वत्तेचं लेखन इंग्रजीत. ‘प्रवचनसारा’ची त्यांची आवृत्ती १९३५ मध्ये आली, आणि तिची चर्चा जगभरातल्या प्राकृत अभ्यासकांत झाली. याच उपाध्यांना १९६७ मध्ये श्रवणबेळगोळच्या कन्नड साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. कोल्हापूरला त्यात आपला माणूस गमावल्यासारखं वाटल्याचं मी कधी ऐकलं नाही. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या आवारातले कन्नड शिलालेख तर त्याहून कितीतरी जुने; आमची मुलं सहलीला जातात, मूर्तींसमोर फोटो काढतात आणि अक्षरांपाशी न थांबता पुढे सरकतात.

इथल्या शाळांत कन्नडचा पर्याय ठेवा म्हटलं की येणारा ‘शिक्षक कुठून आणणार’ हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. चांगल्या चांगल्या कल्पना याच जागी मरतात. पुस्तकांची अडचण नाही. जत आणि अक्कलकोटमध्ये कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत आणि बालभारती कन्नड पुस्तकं छापतेच. त्यात इतर भाषिकांसाठी सोपी मालिका जोडावी लागेल, एवढंच. आठवीला कन्नड घेणाऱ्याचे गुण संस्कृतवाल्यापेक्षा कमी पडणार नाहीत, अशी प्रश्नपत्रिका काढावी लागेल; नाहीतर कुणीही घेणार नाही, आणि तेव्हा ‘मागणी नाही’ असा शेरा मारून फाइल बंद होईल. रद्द झालेली २० मुलांची अट पुन्हा आलीच, तर ती शाळेऐवजी शाळांच्या केंद्राला लावावी; म्हणजे दोन-तीन गावांची मुलं एका शिक्षकाकडे बसू शकतात.

आणि शिक्षक पलीकडे आहेत. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो, तिथली मराठी माध्यमात शिकलेली मुलं-मुली मनाविरुद्ध का होईना, दहा-दहा वर्षं कन्नड शिकली आहेत. मराठी मुलाची जीभ कन्नडच्या कोणत्या शब्दाला अडते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. डी.एड., बी.एड. करून ती नोकरीसाठी वणवण फिरतात. सीमाभागातल्या उमेदवारांना आपल्या नोकरभरतीत जागा देण्याची भाषा राज्य सरकार वर्षानुवर्षं करत आलं आहे. कोल्हापूर जिल्हा परिषदेनं कागल, शिरोळ, गडहिंग्लज, चंदगड या चार तालुक्यांपुरती त्यांच्यासाठी जाहिरात काढली, तर निपाणीची एखादी मुलगी सकाळच्या बसनं कागलला येईल आणि तिच्यावर लादलेली भाषा इथल्या मुलांना त्यांच्या मर्जीनं शिकवेल.