परत आलेल्या माणसाची जागा

अल्बानिया हे नाव उच्चारले की आपल्याकडील वाचकाला मदर तेरेसा आठवतात. १९१० साली स्कोप्ये येथील एका अल्बानियन कॅथोलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या लोकांच्या इतिहासात आम्ही डोकावू लागलो ते त्यांच्यामुळेच. परंतु तेथे आमची गाठ पडली ती एका विश्वासघातक्याशी. त्याचे नाव मोईसी गोलेमी. पंधराव्या शतकातील हा सरदार आपल्या धन्याला सोडून शत्रूला मिळाला आणि पुन्हा परतला. त्याच्या परतण्याने आमच्यापुढे एक प्रश्न उभा केला. ज्याला क्षमा केली, त्याच्यावर पुन्हा विश्वासही टाकावा काय?

प्रथम त्याच्या धन्याविषयी. ग्येर्ग कास्त्रिओती, ज्याला जग स्कँदरबेग म्हणून ओळखते, हा एका अल्बानियन सरदाराचा पुत्र. लहानपणीच तो ओलीस म्हणून उस्मानी सुलतानाच्या दरबारी गेला, तेथेच इस्लाम धर्मात वाढला आणि सुलतानाच्या सैन्यात नावारूपाला आला. १४४३ साली नीशच्या लढाईत तो उस्मानी सैन्य सोडून निघाला, क्रुयाचा किल्ला त्याने हस्तगत केला आणि आपल्या पूर्वजांच्या ख्रिस्ती धर्मात तो परत आला. १४४४ च्या मार्च महिन्यात लेझा येथे अल्बानियन सरदार एकत्र आले व त्यांनी त्याला आपला सेनानी मानले. पुढे सुमारे पंचवीस वर्षे, १४६८ साली मृत्यू येईपर्यंत, तो बलाढ्य साम्राज्याशी झुंजत राहिला.

मोईसी हा त्याचा उजवा हात. दिब्राची सरहद्द त्याच्या स्वाधीन होती. १४५५ साली बेरातच्या वेढ्यात अल्बानियन सैन्याचा दारुण पराभव झाला. हजारो माणसे कापली गेली. त्यानंतर मोईसीचे मन फिरले. लोभाने म्हणावे, महत्त्वाकांक्षेने म्हणावे की निराशेने, हे एका शब्दात सांगता येणार नाही. बहुधा ही तिन्ही एकाच दाराने आत शिरली असावीत. तो सुलतानाकडे गेला आणि १४५६ साली सुमारे पंधरा हजारांचे घोडदळ घेऊन आपल्याच मुलुखावर चालून आला. ओरानिक येथे स्कँदरबेगने त्याचा पराभव केला. हरलेल्या फितुराला नव्या धन्याच्या दरबारीही मान उरला नाही. थोड्याच काळात तो तेथून निसटला आणि गळ्यात कमरपट्टा अडकवून स्कँदरबेगच्या पायांवर येऊन पडला. आपण फाशीस पात्र आहोत, असे त्या खुणेतून सांगण्याची त्या प्रदेशाची रीत होती.

स्कँदरबेगने त्याला उठवले. जप्त केलेली मालमत्ता परत दिली, जुना अधिकार दिला; एवढेच नव्हे, तर मोईसीच्या अपराधाचा यापुढे कोणीही उच्चार करू नये, अशी जाहीर ताकीद दिली. ही कथा आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः मारिन बार्लेटी या श्कोद्रा येथील धर्मगुरूच्या सोळाव्या शतकाच्या आरंभी छापलेल्या लॅटिन चरित्रग्रंथातून. बार्लेटीचे आपल्या नायकावर प्रेम आहे आणि प्रेमाने लिहिणारा माणूस थोडे रंग अधिक भरतो, हे आम्ही जाणतो. तरीही मोईसी गेला, परतला आणि पुन्हा स्वीकारला गेला, हा कथेचा कणा आहे.

येथे एक आक्षेप सहज मनात येतो. मोईसी हरला म्हणून परतला. जिंकला असता तर परतला असता काय? आक्षेप खरा आहे. पण मग प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातील धाकटा पुत्र तरी कशामुळे घराकडे वळला? त्याला आधी भूक लागली. बापाची आठवण मागाहून आली. पश्चात्तापाचा उगम नेहमीच निर्मळ असतो असे नाही. गढूळ झऱ्यातून निघालेले पाणी पुढे वाहता वाहता निवळते, आणि त्याला वाहायला वाट मिळाली तरच निवळते.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. ओरानिकच्या रणात जे पडले, त्यांच्या विधवांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार स्कँदरबेगला कोणी दिला? आमच्या मते तो त्याला नव्हता. धनी म्हणून आपल्यावर झालेला घात तो माफ करू शकत होता. दुसऱ्याचे अश्रू त्याला माफ करता येत नव्हते. त्याची ताकीद त्या विधवांवर एक मुका भार टाकून गेली असेल, हे आम्हांला नाकारता येत नाही. क्षमेची किंमत पुष्कळदा क्षमा करणाऱ्याव्यतिरिक्त इतरांनाही मोजावी लागते. म्हणून ती हलक्या हाताने वाटण्याची वस्तू नाही.

शिवाय सर्वांना सारखेच मिळाले असेही नाही. १४५७ साली स्कँदरबेगचा सख्खा पुतण्या हमझा शत्रूकडे गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आल्बुलेना येथील लढाईत पकडला गेला. त्याला ठार केले नाही. कैदी म्हणून नेपल्सच्या राजाकडे धाडले. एक जण आपल्या पायांनी आला, दुसरा पकडून आणला गेला. दोघांचे प्राण वाचले. जुनी जागा मात्र जो स्वतः चालत आला त्यालाच मिळाली. प्राणदान ही दया झाली. विश्वास ही त्यापुढची पायरी, आणि ती चढण्यासाठी दोघांनीही पाऊल उचलावे लागते.

मोईसीच्या हाती पुन्हा तलवार देताना स्कँदरबेगला त्याचा शेवट ठाऊक नव्हता. आपल्याला आहे. पुढील सारी वर्षे मोईसी एकनिष्ठ राहिला. १४६५ च्या सुमारास वैकालच्या लढाईत, पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग करताना तो इतर सरदारांसह बल्लाबान या सेनापतीच्या हाती सापडला. हा बल्लाबानही जन्माने अल्बानियनच. स्कँदरबेगने खंडणी देऊ केली. ती नाकारण्यात आली. कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्या सरदारांची जिवंतपणी कातडी सोलण्यात आली. या मरणाने ती क्षमा योग्य ठरली, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो. तो दुसऱ्यांदा फितूर झाला असता तरी ओरानिकनंतरची ती घटका तितकीच मोलाची राहिली असती. परिणाम पाहून जो विश्वास टाकतो, तो केवळ हिशेब करतो.

मग स्कँदरबेगला हे कसे साधले? आम्हांला वाटते, तो स्वतःच परत आलेला माणूस होता. सुलतानाच्या दृष्टीने तोही फितूरच. दोन निष्ठांच्या मधली वाट किती निसरडी असते, हे त्याने स्वतः चालून पाहिले होते. अल्बानियन लोक दिलेल्या शब्दाला ‘बेसा’ म्हणतात आणि त्यासाठी प्राण देतात. शब्द मोडणाऱ्याला जेथे क्षमा नाही, तेथे हा धनी शब्द मोडणाऱ्याकडून नवा शब्द घेण्यास तयार झाला. त्याच लोकांमध्ये शतकानुशतके चाललेली रक्ताची वैरे मिटविण्यासाठी १९९० साली कोसोव्होत अंतोन चेत्ता या लोकसाहित्याच्या अभ्यासकाच्या पुढाकाराने प्रचंड मेळावे भरले आणि शेकडो कुटुंबांनी मारेकऱ्यांच्या कुळांना भर सभेत क्षमा केली. बीज खोल असावे.

हे सारे लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर एक गृहस्थ आहेत. गावच्या एका मंडळाचा पैसा त्यांनी एकदा स्वतःकडे वळवला. पुढे पै न् पै परत केली, सर्वांसमोर चूक कबूल केली. आम्ही सर्वांनी त्यांना क्षमा केली; निदान आम्ही तसे म्हणतो. ते दर रविवारी मागच्या बाकावर बसतात. त्या गोष्टीला बारा वर्षे झाली, पण साध्या देणगीपेटीची किल्लीदेखील त्यांच्या हाती कोणी दिलेली नाही, आणि ती न देणाऱ्यांत आम्हीही आहोत. सावधपणा हा दोष नव्हे, असे आम्ही स्वतःला सांगत आलो. परंतु बारा वर्षांच्या सावधपणाला दुसरे काही नाव असू शकते, हे मोईसीची कथा वाचल्यापासून आमच्या मनातून जात नाही.

आपण पेत्राचे चेले म्हणवतो. त्या पेत्राने तीन वेळा आपल्या गुरूला नाकारले होते, आणि त्याच गुरूने त्याच्या हाती आपली मेंढरे सोपवली. आमच्याजवळ मात्र एक किल्ली आहे, आणि तीही अद्याप आमच्याच खिशात आहे.