दहा मार्कांची गाडी

गाडी या विषयावर लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. माझ्या नावावर आजवर एकच वाहन झालं, ती सायकल. तीसुद्धा माटुंगा स्टेशनाबाहेरून कुणीतरी नेली, आणि नेताना कुलूप तेवढं प्रामाणिकपणे मागे ठेवलं. पण गाड्या चालवायला लायसन लागतं, बघायला लागत नाही. त्या आधारावर मी आणि आमच्या बिल्डिंगमधले नाना रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा दादरला खोदादाद सर्कलजवळच्या एका बसस्टॉपवर बसतो. बस पकडायची नसते. पूर्वी ड्रायव्हर आमच्यासाठी गाडी थांबवायचे. आता ओळखतात, आणि आम्हाला पाहून उलट वेग वाढवतात.

आम्ही जुन्या गाड्या मोजतो. हसू नका. हा खेळ दिसतो तेवढा सोपा नाही. हल्लीच्या सगळ्या गाड्या एकाच साबणाच्या वड्या पाडाव्यात तशा दिसतात. त्या गर्दीतून एखादी मॉरिस मायनर अचूक टिपायची म्हणजे नजर तयार लागते. पाठीमागेच पारशी कॉलनी असल्यामुळे आमची शेती बरी पिकते. कोटी रुपयांच्या नव्या गाडीला आमच्याकडे शून्य मार्क. ॲम्बॅसडरला एक. डुक्कर फियाटला पाच. (लहान मुलांसाठी सांगतो, 1954 च्या सुमारास आलेल्या फियाटचं नाकाड पाहून लोकांनी तिचं हे बारसं केलं होतं. तिची पुढची दारं उलटी उघडायची.) आणि स्टँडर्ड हेराल्डला दहा. ही मद्रासला 1961 ते 1971 अशी दहाच वर्षं झाली. तिचं रूप मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसानं काढलेलं. इंजिन बघायचं तर नुसतं झाकण नाही, दिव्यांसकट अख्खं तोंडच पुढे कलतं. वाकून नमस्कार करणारी दुसरी गाडी माझ्या पाहण्यात नाही.

नियम कडक आहेत. गाडी हलती पाहिजे. रॅलीतली चालत नाही. सर्कशीतला वाघ बघून कुणी शिकारी होत नाही. लग्नाची, फुलं लावलेली चालत नाही. टोइंगवाल्यानं उचलून नेलेली तर मुळीच नाही. नाना म्हणाले, “तिरडीवरच्या माणसाला फिरायला निघाला म्हणतो का आपण?” बंद पडून ढकलत नेलेल्या गाडीवरून मात्र आमच्यात चार दिवस अबोला होता. शेवटी अर्धा मार्क ठरला. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे दुसरा हजर नसताना पाहिलेली गाडीही धरायची, नुसत्या शब्दावर. पुरावा मागायचा नाही. नाना आयुष्यभर ऑडिट खात्यात होते. त्यांनी हा नियम घातला यातच सगळं आलं.

टॅक्सीला मार्क नाहीत, हा नियम माझा. काळी-पिवळी फियाट म्हणजे कावळा, कावळे काय मोजायचे? कुर्ल्याला बनणारी ही गाडी 1964 ला डिलाइट म्हणून आली, मग प्रेसिडेंट आणि 1974 ला पद्मिनी झाली. स्टिअरिंगला चिकटलेला गिअर, बाहेर लटकणारा मीटर. या शहरातली निम्मी बाळंतपणं तिनंच हॉस्पिटलपर्यंत पोचवली असतील. शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला नोंदली गेली, टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. आम्ही दोघं त्या दिवसांतही याच स्टॉपवर होतो. आमच्या समोरून शेवटची कुठली गेली ते दोघांनाही सांगता येत नाही. मार्कच नव्हते ना! नानांना याचं फार लागलं. “म्हणजे आपण बघत होतो की मोजत होतो?” एवढंच म्हणाले आणि त्या दिवशी लवकर उठले.

आता मुख्य गोष्ट, जी अजून कुणाला सांगितलेली नाही. कुटुंब सोडून.

2024 च्या मे महिन्यात त्या वर्षाचा हिशेब असा होता: नाना 212, मी 204. एका संध्याकाळी नाना अर्धा तास उशिरा आले. मी म्हणालो, “नाना, हेराल्ड गेली.” का म्हणालो? ते आठ मार्क खुपत होते म्हणून. बाकीची जी उदात्त कारणं मला पुढे सुचली, ती सगळी पुढेच सुचली. मला वाटलं, नाना चिडतील. पण त्यांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांनाच दहा मार्क मिळाले. “दोन दारांची की चार?” “दोन.” “रंग?” “क्रीम.” “मागची शेपटं शाबूत होती?” “अगदी!” खोटं बोलायला लागलं की तपशील कसे भराभर पुरवले जातात!

त्याआधी दोनदा नानांनी नव्या पांढऱ्या गाडीला ॲम्बॅसडर म्हटलं होतं, आणि मी गप्प बसलो होतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन ते दोन वर्षं पुढे ढकलत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन डॉक्टरकडे गेले. म्हणे हेराल्ड परत येईल तेव्हा डोळे जागेवर हवेत. त्यांचा मुलगा जिन्यात भेटला. “काका, आमचं कुणाचं ऐकत नव्हते. तुम्ही काय जादू केलीत?” मी जादूगारासारखाच गप्प राहिलो.

आता यात पाप किती आणि पुण्य किती? धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीच्या चार बोटं वरून चालायचा. अश्वत्थाम्याच्या बाबतीत अर्धंच खोटं बोलला आणि चाकं धाडकन जमिनीला टेकली. अर्ध्या खोट्याला ही शिक्षा, तर अख्ख्याला काय? शिवाय त्याच्या खोट्यानं युद्ध जिंकलं गेलं, तरी दंड माफ झाला नाही. माझ्या खोट्यानं एका माणसाला दिसायला लागलं, पण मी ते त्यासाठी बोललोच नव्हतो. दुसऱ्याच्या शेतात चुकून पडलेलं बी उगवलं म्हणून मी शेतकरी ठरतो का? सौ.ला विचारलं. ती म्हणाली, “सांगून टाका.”

“नानांना?”

“नाहीतर काय, गाडीला?”

ठरलं. ऑपरेशननंतर नाना पहिल्यांदा स्टॉपवर येतील तेव्हा कबूल करायचं. ते आले, नवा चष्मा लावून, टॅक्सीतून. मी घसा खाकरला. त्याआधीच त्यांनी माझा दंड धरला. “अहो, दिसली! टिळक ब्रिजवर! क्रीम रंग, दोन दारं, शेपटं शाबूत. काय स्वच्छ दिसली हो!”

मी खाकरलेला घसा तसाच गिळला.

नाना खोटं बोलत असतील, तर ते सिद्ध करायला मला आधी माझं खोटं सिद्ध करावं लागेल. ते खरं बोलत असतील, तर मी एका खऱ्या गाडीबद्दल खोटं बोललो, आणि हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो ते मला ठाऊक नाही. की ऑडिटवाल्या माणसानं माझा हिशेब पहिल्याच दिवशी पकडला होता आणि आता तो आपल्या परीनं जुळवून दिला? कारण दहा मार्क मिळून नाना झाले 222 आणि मी 214. म्हणजे पुन्हा आठच.

तेव्हापासून क्रीम रंगाचं काहीही आलं की मी उठून उभा राहतो. परवा दुधाच्या टेम्पोला उठलो. नाना हसले. मी जरा चिडूनच विचारलं, “तुमची ती टिळक ब्रिजवरून गेली तरी कुठे?”

चष्मा पुसत नाना म्हणाले, “तुमची गेली तिकडेच.”