जुनेपण: उसने आणि कमावलेले

जुन्या वस्तूंविषयी मनुष्यास ओढ का वाटते, या प्रश्नाचा ऊहापोह आजवर पुष्कळांनी केला आहे. परंतु अगदी नवी वस्तू मुद्दाम जुन्या रूपात घडवून घ्यावी आणि तिच्यात समाधान मानावे, हे कितपत प्रामाणिकपणाचे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो क्षुल्लक भासतो. आम्हांसही तो तसाच भासत होता. पण गेल्या वर्षी, पन्नाशी उलटल्यावर, आम्ही एक विजेची गिटार विकत घेतली आणि हा प्रश्न साताऱ्यातील आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला.

गिटार पुण्याच्या एका दुकानातून आणली. किंमत पगारदार गृहस्थास न टोचणारी. रंग दुधावरच्या सायीसारखा, आणि घडण 1950 च्या सुमारास अमेरिकेत निघालेल्या गिटारींसारखी. म्हणजे जन्म कालचा आणि चेहरा पाऊणशे वर्षांमागचा. ती पाहून आमचे एक स्नेही, जे गाण्याचे चांगले जाणते आहेत, म्हणाले, "अहो, तुम्ही सांगलीचे. मिरज तुमच्या शेजारी, घरात आजोबांचा तंबोरा. तुम्ही हे परके आणि खोटे जुनेपण कशाला विकत आणलेत?"

या एका वाक्यात दोन आरोप आहेत: एक परकेपणाचा, दुसरा खोटेपणाचा. दोहोंचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

परकेपणाचा आरोप मिरजेच्याच इतिहासापुढे टिकत नाही. तेथील तंतुवाद्यांच्या धंद्याचे मूळपुरुष फरीदसाहेब हे शिकलगार घराण्यातले. हत्यारे घडविणे व त्यांना पाणी देणे हा त्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी ओसरली तेव्हा त्या हातांनी पंढरपूरकडचा भोपळा उचलला आणि सतारी-तंबोरे घडविले. 2024 साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. आज आपण ज्यास अस्सल परंपरा म्हणतो ती एके काळी पोटासाठी पत्करलेली नवी वाट होती. व्हायोलिन युरोपातून आले आणि दक्षिणेच्या गायनात असे मुरले की आता त्यास परके म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. हार्मोनियमवर आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत बंदी घातली होती. त्या बंदीमागे ठरीव स्वरांचा आक्षेप होता आणि तो पोकळ नव्हता. तरीही मराठी संगीत रंगभूमी त्याच पेटीच्या साथीने वाढली. वाद्याचे परकेपण जन्मस्थानावर ठरत नाही. ते न वाजविल्याने राहते आणि वाजविल्याने जाते.

खोटेपणाचा आरोप अधिक अवघड आहे. त्यासाठी या वाद्याची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. तंबोऱ्यात तारेचा नाद भोपळ्याच्या पोकळीत घुमून मोठा होतो. म्हणून त्याचा आकार हाच त्याचा आवाज. विजेच्या गिटारीत पोलादी तारांखाली लोहचुंबक व त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे बसविलेले असते. तार कंप पावली की चुंबकाच्या क्षेत्रात बदल होतो, वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक त्यास मोठे करतो. पोकळीची गरज उरली नाही, त्यामुळे सपाट, भरीव फळीही चालू लागली. 1950 साली फेंडर या अमेरिकन कारखान्याने अशी भरीव गिटार विक्रीस आणली, तेव्हा तिची मान फळीस स्क्रूंनी आवळलेली होती. हेतू एवढाच, की घडविणे सोपे व्हावे आणि बिघडल्यास मान बदलता यावी. 1947 साली निघालेल्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने तर पुढे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या तक्त्यांच्या गिटारी केल्या आणि त्या सिअर्स या व्यापारी पेढीमार्फत टपालाने, सामान्यांना परवडतील अशा दरात, घरोघर गेल्या.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या रूपाची आज नक्कल होते त्यातले पुष्कळसे रूप मुळातच साधेपणाचे आणि काटकसरीचे होते. राजवाड्याची नक्कल झोपडीने केली तर ती ढोंगी ठरेल. एका साध्या घराचा आराखडा दुसऱ्या साध्या घराने घेतला तर त्यास ढोंग कोण म्हणेल? शिवाय मिरजेचा कारागीर आज जो तंबोरा करतो त्याचे रूप त्याच्या पणजोबांच्या वेळचेच असते. त्यास आपण नक्कल म्हणत नाही, वारसा म्हणतो. आकार वारशाने घेता येतो, त्यात असत्य नाही.

मग असत्य कोठे आहे? ते आम्हांस त्याच दुकानात, आमच्या गिटारीच्या शेजारी टांगलेले दिसले. तेथे एक गिटार होती, तीही नवीच. पण तिचा रंग जागोजाग खरवडलेला, धातू मुद्दाम काळवंडलेला, मनगट टेकते तेथले लाकूड उघडे पडलेले. हे सर्व कारखान्यात केलेले, आणि त्याबद्दल किंमत अधिक! वाचकांपासून लपवीत नाही: आम्ही तिच्यापुढे पुष्कळ वेळ उभे होतो. ती हाती असती तर पाहणारास वाटले असते की हा गृहस्थ तरुणपणापासून वाजवीत आला आहे. तिचा ओरखडा न् ओरखडा एक साक्ष देत होता, आणि ती साक्ष खोटी होती. आम्ही ती घेतली नाही, आणि घरी येताना आपल्या विवेकाबद्दल आम्हांस थोडा अभिमानही वाटला.

तो अभिमान फार दिवस टिकला नाही. साताऱ्याजवळ माहुलीस जी कृष्णा दिसते तीच सांगलीस आमच्या वडिलार्जित घराजवळून वाहते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पाणी घरात शिरू लागले तेव्हा आम्ही सर्वांआधी वरच्या मजल्यावर नेला तो आजोबांचा तंबोरा. पूर ओसरला, भिंती पुन्हा रंगल्या, तंबोरा गवसणीसह कोपऱ्यात परतला. पुढे एकदा आमचा एक विद्यार्थी तेथे आला असता त्याने सहज विचारले, "सर, हा कोण वाजवतं?" आम्ही उत्तर दिले, "आजोबांच्या वेळचा आहे." उत्तर खरे होते, पण ते त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. गिटार घेतल्यावर तो प्रसंग आम्हांस पुनः पुनः आठवू लागला. त्या तंबोऱ्याची झिजलेली दांडी आजोबांच्या बोटांनी झिजली होती. ती झीज शंभर नंबरी खरी, पण आमची नव्हे. दुकानातल्या त्या खरवडलेल्या गिटारीचा गिऱ्हाईक जे पैसे देऊन करतो तेच आम्ही वर्षानुवर्षे फुकट करीत होतो. दुसऱ्याच्या रियाजावर आपली प्रतिष्ठा उभी करीत होतो.

म्हणून आम्ही तंबोरा मिरजेस नेला. कारागिराने नव्या तारा चढविल्या, घोडीचा माथा हलक्या हाताने घासून जवारी काढली, तारेखाली सुताचा धागा सरकविला, आणि कित्येक वर्षांनी तो बोलला. आम्हांस गाता येत नाही. शेजारच्या घरातली एक मुलगी गाणे शिकते; तिला तो दिला. अट एकच घातली, की तो गवसणीत ठेवू नये.

आमच्या आक्कास हे मुळीच रुचले नाही. ती म्हणाली, "आजोबांची वस्तू घराबाहेर दिलीस, आणि त्या कारखान्यातल्या खेळण्याला घरात जागा केलीस!" तिच्या बोलण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. स्मृती जपणे हेही एक कर्तव्य आहे, आणि वस्तू डोळ्यांआड झाली की स्मृती पुसट होते, हा अनुभव आम्हांसही आहे. तथापि वाद्याची स्मृती नादातच जपली जाते, असे आमचे मत आहे. ते आक्कास अजून पटलेले नाही. कदाचित पटणारही नाही, आणि तिच्या नाराजीचे मोल आम्हांस दिलेच पाहिजे.

इकडे साताऱ्यास रोज संध्याकाळी अर्धा तास आमचा रियाज चालतो. प्रगती बेताची आहे. डाव्या हाताच्या बोटांची टोके मात्र आता टणक झाली आहेत. परवा सदऱ्याच्या गुंडीने गिटारीच्या पाठीवर एक बारीकसा ओरखडा उठला. तो पुसून जातो काय हे आम्ही आधी पाहिले, आणि मग तसाच राहू दिला. मनुष्याने रूप कोणाचेही घ्यावे. झीज मात्र स्वतःची असावी.