शिदोरी आणि ओझें

प्रवासास निघणाऱ्या मनुष्यानें बरोबर काय घ्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां घरगुती वाटतो; परंतु थोडा विचार केला असतां तो नीतिशास्त्राच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. मोटारसायकलीवरून दूर जाणारांच्या बाबतींत तर हें विशेषच दिसून येतें. मोटारींत चार वस्तू जास्त कोंबल्या तरी निभावतें. दोन चाकांवर मात्र प्रत्येक पान्याचा हिशेब द्यावा लागतो.

मनालीहून लेहकडे जाणाऱ्या मार्गावर तांदी येथील पेट्रोलपंपापाशीं, पुढील पंप ३६५ किलोमीटरांवर आहे अशा अर्थाची पाटी पुष्कळ वर्षें होती. ज्या गाडीच्या टांकींत १३ लिटर पेट्रोल मावतें व जी लिटरमागें ३० किलोमीटर जाते, ती ३९० किलोमीटर जाईल. म्हणजे शिल्लक अवघी २५ किलोमीटरांची. त्यांतून वाटेंत ५,००० मीटरांहून उंच घाट, आणि चढावर पेट्रोल अधिक लागणार! अशा ठिकाणीं पांच लिटरांचा जादा डबा बांधणें हें शहाणपणाचें लक्षण होय. तोच डबा पुण्याहून साताऱ्यास जातांना बांधला, तर आगीचें साहित्य निष्कारण जवळ बाळगल्यासारखें होईल. डबा एकच, पण येथें तो गुण, तेथें दोष. ॲरिस्टॉटलनें सद्गुण हा दोन टोकांमधील मध्य होय असें सांगतांना हेंहि सांगितलें आहे कीं, हा मध्य गणितानें काढतां येत नाहीं. दहा मिना अन्न फार व दोन थोडें, म्हणून सहा सर्वांस योग्य, असें होत नाहीं. मिलो मल्लाला तें अपुरें, नवशिक्याला जास्त.

मग प्रमाण ठरवावें कशावरून? आमच्या मतें पहिली कसोटी विद्येची. ज्याच्या चाकांत ट्यूब आहे त्यानें टायर उतरविण्याचे लिव्हर, ठिगळें, सोल्युशन व हवेचा पंप घ्यावा. ज्याचे टायर ट्यूबलेस आहेत त्याला भोंक बुजविण्याच्या पट्ट्या व पंप पुरे. पण ज्यानें घरच्या अंगणांत एकदांहि टायर उतरवून पाहिला नाहीं, त्याच्या पिशवींतील लिव्हर हें हत्यार नव्हे, तो ताईत होय. भीति शमविण्यासाठीं घेतलेल्या वस्तूंस अंत नसतो, आणि गंमत अशी कीं, त्या वस्तूच भय वाढवितात. मागें उंच रचलेल्या ओझ्यानें गाडीचा तोल बिघडतो. संकटासाठीं केलेली तरतूद स्वतःच संकट होऊन बसते. उलट जाणते लोक क्लचची नवी केबल जुन्या केबलीच्या शेजारींच बांधून ठेवतात: वजन नाममात्र, जागा शून्य, आणि जुनी तुटतांच काम पांच-दहा मिनिटांचें. ज्ञान वाढलें कीं ओझें घटतें.

कोणी म्हणेल, कांहींच न घेणारा हा खरा अपरिग्रही! हें आम्हांस मान्य नाहीं. संन्यासी भिक्षा मागतो, पण न मिळाल्यास उपाशी राहण्याची त्याची तयारी असते. हे गृहस्थ मात्र आपला पंक्चर दुसऱ्याच्या पंपावर व दुसऱ्याच्या वेळावर काढूं पाहतात. हा त्याग नव्हे. आपलें ओझें शेजाऱ्याच्या पाठीवर टाकणें आहे.

तथापि दुसरें टोकहि आम्हांस रुचत नाहीं. मला कोणाचीहि गरज पडूं नये, म्हणून जो सारी दुकानदारी पाठीवर घेऊन निघतो, त्याच्या तयारींत एक सूक्ष्म अहंकार असतो. माणसें परस्परांची गरज असते म्हणूनच ओसाड रस्त्यावर एकमेकांसाठीं थांबतात. यासाठीं पिशवींतील निदान एक वस्तु अशी असावी, जी बहुधा आपल्या उपयोगीं पडणार नाहीं. स्वच्छ कापडाची जाड घडी व रुंद पट्टी हीच ती वस्तु. अपघातांत जखमेंतून रक्त वाहत असतां ती घडी घट्ट दाबून धरणें, एवढ्यानें कित्येकदां वैद्य येईपर्यंत प्राण टिकतो. थांबलों तर पोलीस-कोर्टाचा ससेमिरा लागेल, हें भय पूर्वीं दाखविण्यांत येई. २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत घातलेल्या १३४-अ कलमानें, सद्भावनेनें मदत करणारास दिवाणी व फौजदारी जबाबदारींतून संरक्षण दिलें आहे. कायद्यानें सबब काढून घेतली; उरला तो केवळ मनाचा प्रश्न.

पान्यांची निवड पाहून मनुष्य गाडी किती जाणतो हें कळतें. परंतु तो स्वतः कसा आहे, हें त्या पांढऱ्या घडीवरून कळतें. तिचें वजन चार-दोन तोळे असेल. तिला जागा नाहीं असें ज्याला वाटतें, त्यानें पिशवी पुन्हां एकदां उपसून पाहावी. जागा बहुधा पिशवींत नव्हे, अन्यत्रच कमी पडलेली आढळेल.