चित्रातला घोडा आणि वाढत्या चौकटी

चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या एका अंगाला राजीव गांधी सलाईवरची काचेची कार्यालयं, दुसऱ्या अंगाला पळ्ळिकरणैची पाणथळ. कार्यालयांच्या ओढीनं इथे आलेल्या पुण्या-नाशकाकडच्या घरांत मोठा टीव्ही येतो, ओळखीचा सिनेमा लागतो आणि कुणीतरी विचारतं, ‘हा सिरीयलसारखा का दिसतोय?’ कारण असतं ‘मोशन स्मूदिंग’. सिनेमाच्या दोन चौकटींच्या मध्ये टीव्ही आपल्या अंदाजानं नव्या चौकटी भरतो. टॉम क्रूझनं डिसेंबर २०१८ मध्ये ही सोय बंद करण्याचं जाहीर आवाहन केलं होतं. चित्र नितळ झालं आणि तरी तक्रार आली, हे कोडं विचार करण्याजोगं आहे.

सेकंदाला २४ चौकटी हा सिनेमाचा आकडा काही सौंदर्यशास्त्रानं दिलेला नाही. फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला तेव्हा कॅमेरा हातानं फिरत असे आणि वेग कॅमेरामनच्या मनगटावर ठरे. पुढे बोलपटातल्या आवाजाला स्थिर गती हवी झाली. फार कमी वेगात आवाज बिघडे, फार जास्त वेगात फिल्म उधळली जाई. या तडजोडीतून २४ रूढ झाले. एका चौकटीवर साधारण एक अठ्ठेचाळिसांश सेकंद प्रकाश पडतो, म्हणून उगारलेला हात किंचित पुसट उमटतो. त्या पुसटपणातच आपण कथा पाहायला शिकलो. दूरदर्शनच्या व्हिडिओवर मात्र सेकंदाला ५० अर्धचित्रं येत. बातम्या, क्रिकेट, मालिका त्याच नितळ रूपात घरात आल्या. तेव्हा ‘सिरीयलसारखा’ ही तक्रार डोळ्यांची कमी, स्मरणाची अधिक.

पण सगळा भार सवयीवर टाकून सुटका होत नाही. पीटर जॅक्सननं २०१२ मध्ये ‘द हॉबिट’ ४८ चौकटींनी दाखवला, तेव्हा अनेकांना बुटक्यांच्या जगाऐवजी रंगभूषा आणि सेट दिसले. आंग लीनं २०१६ मध्ये १२० चौकटींपर्यंत मजल मारली. तिथे नटाच्या चेहऱ्यावरचा अभिनयही ‘केलेला’ वाटू लागला.

इथे नवव्या शतकातला काश्मिरी नाट्यमीमांसक शंकुक आठवतो. तो म्हणतो: चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो. ते ज्ञान खरं नसतं, खोटं नसतं, संशयाचं नसतं की निव्वळ साम्याचंही नसतं. नटाला राम मानणं तसंच. अभिनवगुप्तानं पुढे शंकुकाच्या अनुकरणवादाचं खंडन केलं, तरी हा चित्रतुरग काही मेला नाही. चौकटी वाढवणारा दिग्दर्शक नेमका त्यालाच खऱ्या घोड्याजवळ नेऊ पाहतो. घोडा पुरेसा खरा दिसू लागला की प्रेक्षक त्याच्याकडे पुरावा मागतो, आणि पुराव्याला उत्तर म्हणून हाती लागते ती डिंकानं चिकटवलेली आयाळ.

शिवाय ‘डोळ्याला दिसतं तसं’ हे तरी कुठल्या डोळ्याला? युरोपातल्या काही लहान रानपक्ष्यांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना सेकंदाला १३०हून अधिक वेळा लुकलुकणारा प्रकाशही लुकलुकताना दिसल्याचं आढळलं. माणसाला साठाच्या आसपासच तो अखंड भासतो. अशा पक्ष्यापुढे आपला सिनेमा म्हणजे एकामागून एक ठेवलेली स्थिरचित्रं. पूर्णतेचा दावा करणारं तंत्र प्रत्यक्षात एका प्राण्याच्या मर्यादेशीच जुळवून घेत असतं.

जेम्स कॅमेरॉननं २०२२ च्या ‘अवतार’मध्ये ४८ चौकटी सरसकट वापरल्या नाहीत, पाण्याखालच्या दृश्यांना त्या दिल्या, इतरत्र बऱ्याच ठिकाणी चाल २४चीच ठेवली. नाट्यशास्त्रकार भरतानं लोकव्यवहारासारखा लोकधर्मी आणि रंगसंकेतांनी चालणारा नाट्यधर्मी असे दोन मार्ग सांगितले होते आणि एकाच प्रयोगात दोन्हींना जागा दिली होती. कॅमेरॉनचा निर्णय त्या परंपरेला परका नाही. मोबाइलवर १२० हर्ट्झचे खेळ खेळून मोठी होणारी मुलं उद्या २४ला अडखळतं म्हणतील, आणि ते त्यांच्या डोळ्यांपुरतं बरोबर असेल. नितळपणाची सवय त्यांना लागेल. पण घोडा चित्रातला आहे हे जाणूनही त्यावर स्वार होण्यासाठी लागणारं अंतर त्यांनाही लागेलच. दिग्दर्शकाला ते दुसरीकडे शोधावं लागेल: रंगात, आवाजात, किंवा जे दाखवलंच नाही त्यात.