बिनतळलेली भजी

अण्णांना हृदयविकाराचा झटका आल्यापासून आमच्या लांज्याच्या घरात तळण बंद आहे. पण पाऊस लागला की त्यांना खेकडा भजी आठवतात.

परवा एअर फ्रायरमध्ये केली. उभ्या चिरलेल्या कांद्याला मीठ चोळलं, सुटलेल्या पाण्यातच बेसन कालवलं, चमचाभर तेल घातलं. गरम वाऱ्याने पाणी उडालं, कडा कुरकुरीत झाल्या.

"तळलीस ना गो?" अण्णांनी विचारलं. मी "हो" म्हटलं. ते मुकाट्याने खात राहिले.

परोपकारासाठीही खोटं बोलण्याचा हक्क कांटने १७९७च्या निबंधात नाकारला. मारेकरी मित्राला शोधत दारात आला तरीही. मला ते नेहमी अमानुष वाटलं. पण माझ्या दारात मारेकरी कुठे होता? खरं सांगितलं असतं, तर फार तर अण्णा रुसले असते. मी त्यांचं हृदय नाही, माझी संध्याकाळ सांभाळली.

रात्री कबूल केलं. ते म्हणाले, "ठाऊक होतं. कढईचा आवाज कुठे आला?"

म्हणजे माझं खोटं टिकवायला त्यांनाही गप्प राहावं लागलं. डॉक्टरांनी पथ्य तेलाचं सांगितलं होतं. खऱ्याचं मी लावलं, दोघांनाही.