निनावी हाडे कोणाची?



वर्ध्याचा पारा ४५ अंशांकडे झुकू लागला की हिमालयाची आठवण होते. आपल्याकडचे तरुणही आता ट्रेकिंगला जातात. बर्फाच्या नदीने खडक कोरून केलेल्या खोलगटात साचलेले निळे पाणी पाहायला माणूस चार-पाच दिवस चढतो, हे चांगलेच आहे.

असेच एक तळे म्हणजे उत्तराखंडातील रूपकुंड. त्रिशूल शिखराच्या कुशीत, सुमारे ५,००० मीटर उंचीवर. १९४२ साली तेथे एका वनाधिकाऱ्याला माणसांचे अनेक सांगाडे दिसले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ३८ जणांचे डीएनए तपासले गेले. २३ जण भारतीय वंशाचे, हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे. तर १४ जण पूर्व भूमध्य सागराकडील वंशाचे, सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे. ते तेथे कसे पोचले, हे कोडे सुटलेले नाही.

वर्षानुवर्षे येथे येणाऱ्यांपैकी काहींनी आठवण म्हणून हाडे घरी नेली. यात कोणाचे काय बिघडले? मेलेल्याला काही जाणवत नाही, असे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस म्हणे. पण आपल्या आजीचे हाड कोणी शोकेसमध्ये ठेवले, तर आपण गप्प बसू का? मग रूपकुंडच्या मृताबाबत गप्प का? त्याच्या वतीने भांडणारे कोणी नाही, एवढेच ना?

येथेच खरा धोका आहे. माणसाची किंमत त्याच्यामागे उभ्या राहणाऱ्यांवर ठरत असेल, तर बसस्थानकावर पडलेल्या बेवारस रुग्णाला किंमतच उरत नाही. आपल्या वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. ज्यांना घरच्यांनीच टाकले होते, त्यांना त्यांनी माणूस मानले.

संशोधकही हाड उचलतो, हे खरे. पण तो विचारतो, ‘तू कोण होतास?’ हौशी माणूस म्हणतो, ‘तू आता माझा.’ फरक या दोन वाक्यांत आहे.

मृताला मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने दयेचे कृत्य मानले आहे. मृत माणूस परतफेड करू शकत नाही. डोंगरावर अवश्य जा. पाणी पाहा, दमून या. आणि वाटेत निनावी माणूस भेटला, मेलेला किंवा जिवंत, तर आधी थांबा. मोबाईल खिशातच राहू द्या.